व्हीपीएन क्लायंटमधील डिजिटल प्रमाणपत्रे : इंदूरच्या वापरकर्त्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये राहून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे काम घरून करणारे, शहरातल्या कार्यालयातून पीथमपूरच्या कारखान्यातील सर्व्हर वापरणारे, आणि सनदी लेखापालांच्या व करसल्लागारांच्या कार्यालयांत संगणकांची देखभाल पाहणारे अशा तिन्ही प्रकारच्या मंडळींकडून आलेले प्रश्न येथे घेतले आहेत. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या नेटवर्कशी केलेली कूटबद्ध जोडणी, ती जोडून देणारे आपल्या संगणकावरील सॉफ्टवेअर म्हणजे व्हीपीएन क्लायंट, आणि डिजिटल प्रमाणपत्र म्हणजे ओळख पटवणारी, देणाऱ्या संस्थेची स्वाक्षरी असलेली छोटी फाइल. उत्तरे शक्यतो सर्व व्हीपीएन क्लायंटना लागू पडतील अशी लिहिली असून, जेथे एखाद्या सॉफ्टवेअरची रीत वेगळी आहे तेथे त्याचे नाव दिले आहे.

प्रश्न : युजरनेम, पासवर्ड आणि ओटीपी रोज द्यावाच लागतो. मग प्रमाणपत्र कशासाठी?

पासवर्ड आणि ओटीपी यांनी आपली ओळख सर्व्हरला पटते. पण समोरचा सर्व्हर खरोखर आपल्या कंपनीचाच आहे, हे आपल्याला कोण सांगणार? ते काम सर्व्हरच्या प्रमाणपत्राचे आहे. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर कोणी मधल्या मध्ये बनावट सर्व्हर उभा केला आणि क्लायंटने प्रमाणपत्र तपासले नाही, तर आपण आपला पासवर्ड आणि ओटीपी त्याच्याच हाती देऊन मोकळे होतो.

उलट दिशेने, आपल्या संगणकातील क्लायंट प्रमाणपत्र आपली ओळख सिद्ध करते. जोडणीच्या वेळी क्लायंट आपल्या प्रायव्हेट कीने, म्हणजे प्रमाणपत्राच्या जोडीच्या गुप्त कीने, एक डिजिटल स्वाक्षरी करतो आणि केवळ ती स्वाक्षरी सर्व्हरकडे जाते. की संगणकाबाहेर पडत नाही. पासवर्ड फोनवर गोड बोलून काढून घेता येतो, की अशी काढून घेता येत नाही, आणि हाच तिचा मोठा फायदा आहे. प्रत्येक व्हीपीएन प्रमाणपत्रे वापरतेच असे मात्र नाही. वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र नसते, केवळ सार्वजनिक (कोणालाही देता येणारी) आणि प्रायव्हेट कीची जोडी असते; त्यामुळे खालील बहुतेक उत्तरे त्याला लागू होत नाहीत.

प्रश्न : प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये काय असते? ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर चालते का?

कोणती फाइल, यावर सगळे अवलंबून आहे. एक्स.५०९ नावाच्या मानकानुसार प्रमाणपत्रात धारकाचे नाव, त्याची सार्वजनिक की, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव, अनुक्रमांक, मुदतीच्या दोन तारखा आणि वापराचा हेतू एवढी माहिती असते, आणि त्यावर देणाऱ्या संस्थेची स्वाक्षरी असते. यांतले काहीच गुप्त नाही. सीईआर किंवा सीआरटी अशा विस्ताराच्या फाइलमध्ये साधारणपणे एवढेच असते आणि ती कोणाच्या हाती लागली तरी त्याला तिच्या बळावर आपली जोडणी वापरता येत नाही.

पी१२ किंवा पीएफएक्स विस्ताराच्या फाइलची गोष्ट निराळी आहे. तिच्यात प्रमाणपत्राबरोबर प्रायव्हेट कीदेखील बांधलेली असते आणि तिचे रक्षण केवळ फाइलचा पासवर्ड करतो. अशी फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच संदेशात पाठवण्याची सवय आमच्या पाहण्यात अनेक कार्यालयांत आहे. ती आजच्या आज सोडावी. पीईएम फाइलमध्ये दोन्ही प्रकारचा मजकूर असू शकतो. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘प्रायव्हेट की’ हे शब्द आरंभीच्या ओळीत दिसतात का, हे पाहिले की उलगडा होतो. ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या ओव्हीपीएन फाइलबाबत विशेष सावध राहावे. ती केवळ सेटिंगची फाइल आहे असे समजून लोक ती सर्रास पुढे पाठवतात, परंतु अनेकदा प्रमाणपत्र आणि की त्याच फाइलच्या पोटात घातलेली असते आणि कीवर पासवर्डही नसतो.

सर्वांत चांगली पद्धत अशी की, कीची जोडी आपल्याच संगणकावर तयार करावी, प्रमाणपत्राची विनंती-फाइल तेवढी कार्यालयाकडे पाठवावी, आणि स्वाक्षरी होऊन आलेले प्रमाणपत्र परत त्याच संगणकावर बसवावे. यात प्रायव्हेट की प्रवासच करत नाही.

प्रश्न : जीएसटी आणि कंपनी कामकाजासाठी घेतलेली डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) आमच्याकडे आहेच. तीच व्हीपीएनला वापरता येईल का?

हा प्रश्न आम्हाला इंदूरमध्ये इतर कोणत्याही प्रश्नापेक्षा अधिक वेळा विचारला जातो, म्हणून सविस्तर उत्तर देत आहोत.

आपली डीएससी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार परवाना मिळालेल्या सर्टिफाइंग अथॉरिटीने, म्हणजे प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने, दिलेली असते आणि त्या सर्व संस्थांवर सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक, यांची देखरेख असते. १ जानेवारी २०२१ पासून डीएससीचा क्लास २ हा प्रकार बंद होऊन क्लास ३ तेवढी उरली. डीएससीची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असते आणि तिची प्रायव्हेट की यूएसबी टोकनमध्ये राहते. तिचा हेतू कागदपत्रांवर कायदेशीर स्वाक्षरी करणे हा आहे. व्हीपीएनचे क्लायंट प्रमाणपत्र बहुधा आपल्या कंपनीने स्वतःच्या अंतर्गत अथॉरिटीकडून दिलेले असते. त्याला कंपनीबाहेर काही अर्थ नसतो आणि असण्याची गरजही नाही.

तांत्रिक दृष्ट्या एकच यंत्रणा असल्यामुळे गोंधळ होतो. टोकन लावलेले असताना व्हीपीएन क्लायंटने ‘प्रमाणपत्र निवडा’ अशी खिडकी उघडली, तर तीत डीएससीही दिसते, कारण अनेक डीएससींमध्ये ‘क्लायंट ऑथेंटिकेशन’ हा हेतू नोंदलेला असतो. घाईत ती निवडली की टोकनचा पिन मागितला जातो, पिन बरोबर दिला तरी सर्व्हर जोडणी नाकारतो, आणि मग पिनच चुकला असावा असे वाटून तो पुन्हा पुन्हा टाकताना कधी कधी टोकन कुलूपबंद होते. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी भरण्याच्या गडबडीत असे झाले तर त्याची किंमत व्हीपीएनच्या अडचणीपेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणून निवडीच्या खिडकीत ‘देणारी संस्था’ हा रकाना वाचावा आणि आपल्या कंपनीच्या अथॉरिटीचे नाव असलेलेच प्रमाणपत्र निवडावे. सिस्को सिक्युअर क्लायंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रशासकाला देणाऱ्या संस्थेनुसार प्रमाणपत्रे गाळून घेण्याचा नियम प्रोफाइलमध्ये, म्हणजे जोडणीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, घालता येतो. तो घातला की वापरकर्त्याला डीएससी दिसतच नाही, आणि आमच्या मते हाच खरा इलाज आहे.

डीएससी व्हीपीएनला चालवायचीच असेल तर सर्व्हरला त्या सर्टिफाइंग अथॉरिटीवर विश्वास ठेवायला सांगावे लागते. परंतु तेवढेच करून थांबले, तर त्या अथॉरिटीकडून डीएससी घेतलेला देशातला कोणीही प्रमाणपत्राची पायरी पार करेल. अशा वेळी नाव किंवा अनुक्रमांक यांची स्वतंत्र यादी सर्व्हरवर ठेवणे अनिवार्य ठरते. एवढी यातायात करण्यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र देणे सोपे पडते.

प्रश्न : विंडोजमध्ये प्रमाणपत्र बसवले, ते दिसतेही, तरी क्लायंट म्हणतो की प्रमाणपत्र सापडले नाही. असे का?

विंडोजमध्ये प्रमाणपत्रांची दोन स्वतंत्र भांडारे असतात : एक लॉगइन केलेल्या वापरकर्त्याचे आणि दुसरे संपूर्ण संगणकाचे. शोध-चौकटीत ‘मॅनेज यूजर सर्टिफिकेट्स’ असे रोमन लिपीत टाइप केल्यास पहिले उघडते आणि ‘मॅनेज कॉम्प्युटर सर्टिफिकेट्स’ने दुसरे, ज्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. पी१२ फाइलवर डबल-क्लिक केल्यावर पहिल्याच पडद्यावर यांपैकी कोणते, हे विचारले जाते, पण आधीपासून निवडलेल्या पर्यायावरच बहुतेक जण ‘नेक्स्ट’ दाबतात. लॉगइनच्या आधीच जोडली जाणारी व्हीपीएन, किंवा संगणकाची ओळख मागणारी आयकेईव्ही२ (व्हीपीएनची एक पद्धत) जोडणी, वापरकर्त्याच्या भांडारात पाहत नाही.

दुसरे कारण म्हणजे की नसणे. ‘पर्सनल’ कप्प्यातील प्रमाणपत्र उघडून पहिल्या टॅबच्या तळाशी, या प्रमाणपत्राची प्रायव्हेट की आपल्याकडे आहे, असे इंग्रजी वाक्य दिसते का ते पाहावे. ते नसेल तर आपण केवळ सीईआर फाइल बसवली आहे. तिने ओळख सिद्ध होणार नाही.

बसवताना ‘की निर्यात करता येईल’ अशी खूण करण्याची चौकट येते. ती रिकामीच ठेवावी. खूण केली नाही तर नेहमीच्या मार्गाने की पुन्हा बाहेर काढता येत नाही, आणि आपल्याला तेच हवे आहे. बसवून झाल्यावर डाउनलोड्समध्ये पडून राहिलेली मूळ पी१२ फाइल रिसायकल बिनसह काढून टाकण्यास विसरू नये.

प्रश्न : मॅक, लिनक्स आणि मोबाइलवर काय वेगळे असते?

मॅकवर ‘कीचेन अ‍ॅक्सेस’मधील ‘लॉगइन’ आणि ‘सिस्टिम’ हे दोन कीचेन विंडोजच्या दोन भांडारांसारखेच आहेत. क्लायंट पहिल्यांदा की वापरू पाहतो तेव्हा मॅकचा पासवर्ड मागितला जातो. तो प्रमाणपत्राच्या फाइलचा पासवर्ड नसतो. लिनक्सवर की साध्या फाइलमध्ये असेल तर तिचे अधिकार ६०० ठेवावेत, म्हणजे ती केवळ मालकालाच वाचता येते. अँड्रॉइड ११ पासून रूट प्रमाणपत्र, म्हणजे अथॉरिटीचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, एखादे अ‍ॅप परस्पर बसवू शकत नाही. ते सेटिंग्जमधील सुरक्षा विभागातून स्वतःच बसवावे लागते. आयफोनवर सिस्टिमच्या भांडारात बसवलेले क्लायंट प्रमाणपत्र ओपनव्हीपीएन कनेक्ट या अ‍ॅपला मिळत नाही. त्यासाठी पी१२ फाइलचा विस्तार ‘ओव्हीपीएन१२’ असा बदलून ती त्या अ‍ॅपमध्येच उघडावी.

प्रश्न : फाइलचा पासवर्ड बरोबर आहे, तरी ‘पासवर्ड चुकीचा’ असेच येते.

पासवर्ड दोन वेळा तपासून झाला असेल तर दोष पासवर्डचा नसण्याची शक्यता बरीच आहे. ओपनएसएसएल या प्रमाणपत्रे हाताळणाऱ्या साधनाच्या सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून पी१२ फाइल नव्या, अधिक बळकट पद्धतीने कूटबद्ध होते. जुन्या विंडोज, मॅक आणि अँड्रॉइड आवृत्त्यांना ती पद्धत कळत नाही आणि त्या सरळ पासवर्डलाच दोष देतात. कार्यालयातील तंत्रज्ञाला तीच फाइल ओपनएसएसएलच्या ‘लेगसी’ पर्यायाने पुन्हा तयार करण्यास सांगावे. जुनी पद्धत कमकुवत असल्याने अशी फाइल काम होताच नष्ट करावी.

याच्या उलट प्रकारही घडतो. क्लायंट अद्ययावत केला आणि वर्षानुवर्षे चाललेले प्रमाणपत्र एकाएकी नाकारले गेले, तर त्यावरील स्वाक्षरी एमडी५ किंवा एसएचए-१ या जुन्या पद्धतीची आहे का, हे पाहावे. त्याला सेटिंग शिथिल करणे हा उपाय नव्हे. प्रमाणपत्र नवेच घ्यावे.

प्रश्न : ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवता येत नाही, तरीही जोडायचे का?’ असा इशारा येतो. ‘होय’ म्हटले की काम चालते. मग हरकत काय?

हरकत फार मोठी आहे. खऱ्या सर्व्हरच्या बाबतीत ‘होय’ म्हटल्यावर काम चालते, तसे ते बनावट सर्व्हरच्या बाबतीतही चालते, आणि पडद्यावर दोन्ही वेळा अगदी एकसारखेच दिसते. असा इशारा तीन-चार कारणांनी येतो : सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, आपण टाइप केलेला पत्ता प्रमाणपत्रातील नावाशी जुळत नाही, देणाऱ्या संस्थेचे रूट प्रमाणपत्र आपल्या संगणकात नाही, किंवा सर्व्हरने आपले प्रमाणपत्र रूटशी जोडणारे मधले, म्हणजे इंटरमीडिएट, प्रमाणपत्र पाठवलेले नाही. नावाऐवजी आयपी पत्ता टाइप केल्यामुळे येणारा इशारा आमच्याकडे फार आढळतो, आणि पूर्ण नाव टाइप केले की तो जातो. बाकीची कारणे कंपनीने दुरुस्त करायची असतात. दुरुस्ती होईपर्यंत निदान प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, तंत्रज्ञाला फोनवर वाचून दाखवून जुळवून घ्यावा.

ओपनव्हीपीएन सांभाळणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. क्लायंटच्या सेटिंगमध्ये ‘रिमोट-सर्ट-टीएलएस सर्व्हर’ ही ओळ नसेल, तर त्याच अथॉरिटीचे क्लायंट प्रमाणपत्र असलेला आपलाच एखादा कर्मचारी सर्व्हर असल्याचे सोंग घेऊ शकतो आणि इतरांच्या क्लायंटना काहीही शंका येत नाही. ही ओळ प्रत्येक प्रोफाइलमध्ये असलीच पाहिजे.

प्रश्न : कंपनीने ‘रूट प्रमाणपत्र’ बसवायला सांगितले आहे. बसवावे का?

कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर बसवण्यास हरकत नाही. घरच्या, मुलांच्या अभ्यासाच्या आणि बँकेच्या व्यवहारांच्या संगणकावर मात्र विचार करून बसवावे, कारण ‘ट्रस्टेड रूट’ कप्प्यात गेलेली अथॉरिटी कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने प्रमाणपत्र देऊ शकते आणि आपला ब्राउझर बहुधा ते निमूटपणे स्वीकारतो.

हा धोका कल्पनेतला नाही. २ जुलै २०१४ रोजी गुगलला आढळले की, भारतातील एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) ताब्यातील इंटरमीडिएट प्रमाणपत्रांवरून गुगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेली आहेत. आपल्या सीसीएचे रूट प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या भांडारात असल्यामुळे विंडोजवरील बऱ्याच सॉफ्टवेअरने ती खरी मानली असती, तर फायरफॉक्सचे भांडार वेगळे असून त्यात ते रूट नसल्यामुळे त्याला बाधा नव्हती. सीसीएने ३ जुलैला ती इंटरमीडिएट प्रमाणपत्रे रद्द केली. परवाना असलेल्या, देखरेखीखालील यंत्रणेत असे होऊ शकते, तर एखाद्या लहान कार्यालयाच्या कपाटातील संगणकावर ठेवलेल्या अथॉरिटीची की किती जपली जात असेल, हा विचार करावा.

म्हणून शक्य असेल तेथे रूट प्रमाणपत्र संगणकाच्या भांडारात न घालता केवळ व्हीपीएनच्या प्रोफाइलमध्ये द्यावे. ओपनव्हीपीएनमध्ये हे सहज जमते, आणि त्यामुळे तो विश्वास त्या एका जोडणीपुरता मर्यादित राहतो. विंडोजच्या अंगभूत आयकेईव्ही२ क्लायंटला मात्र खासगी अथॉरिटीचे रूट प्रमाणपत्र संगणकाच्या भांडारातच लागते.

प्रश्न : मुदत संपल्याचे कसे कळेल, आणि मुदत शिल्लक असताना ‘संपली’ असे का येते?

प्रमाणपत्र उघडले की दोन्ही तारखा दिसतात. आपल्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवावी, कारण मुदत संपल्यावर व्हीपीएन जोडली जात नाही आणि नूतनीकरणाचे पान अनेकदा व्हीपीएनच्या आतच असते.

वेळेबाबत थोडे बारकाईने पाहावे लागते. प्रमाणपत्रातील वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदलेली असते. तेथे रात्री १२ वाजता संपणारे प्रमाणपत्र आपल्याकडे पहाटे ५:३० वाजता संपते. विंडोज ही वेळ भारतीय वेळेत दाखवते, ओपनएसएसएल मात्र मूळ वेळेत. अंतर्गत अथॉरिटीचे प्रमाणपत्र ज्या घटकेला तयार केले असेल त्याच घटकेला बहुधा संपते, त्यामुळे सकाळी चाललेली व्हीपीएन दुपारी बंद पडणे अगदी शक्य आहे.

मुदत शिल्लक असूनही नकार आला तर आधी घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील सेल संपलेल्या जुन्या संगणकाची तारीख वीज गेल्यावर कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग ‘प्रमाणपत्र अद्याप लागू झालेले नाही’ असा संदेश येतो. कार्यालयातील संगणकांची वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशातही तेच सांगितले आहे.

प्रश्न : विंडोजमध्ये १३८०१ आणि १३८०६ या त्रुटी येतात. त्यांचा अर्थ काय?

दोन्ही आयकेईव्ही२ जोडणीच्या आहेत. १३८०१ आली तर सर्व्हरच्या प्रमाणपत्राकडे पाहावे : मुदत, नाव, ‘सर्व्हर ऑथेंटिकेशन’ हा हेतू, आणि त्याचे रूट प्रमाणपत्र आपल्या संगणकाच्या भांडारात आहे की चुकून वापरकर्त्याच्या भांडारात गेले आहे. १३८०६ म्हणजे आपल्याच संगणकाचे वैध प्रमाणपत्र सापडले नाही.

प्रश्न : लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला. पासवर्ड बदलला, एवढे पुरेसे आहे का?

नाही. पासवर्ड बदलल्याने प्रमाणपत्र रद्द होत नाही. कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे त्याचा अनुक्रमांक रद्द यादीत, ज्याला सीआरएल म्हणतात, चढवता येईल. हरवलेल्या धनादेशाचे पेमेंट बँकेत थांबवण्यासारखेच हे आहे. विलंब झाला तर मधला काळ चोराचा असतो.

प्रशासकांनी येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. ओपनव्हीपीएनमध्ये यादी अद्ययावत केली तरी आधीपासून चालू असलेली जोडणी लगेच तुटत नाही. तपासणी पुढच्या की-बदलाच्या वेळी होते, जो मूळ सेटिंगनुसार ३६०० सेकंदांनी होतो, म्हणून ती जोडणी हाताने तोडावी. दुसरे असे की, रद्द यादीलाही मुदत असते. ईझी-आरएसए या प्रमाणपत्रे तयार करण्याच्या साधनाच्या मूळ सेटिंगनुसार ती १८० दिवसांची असते, आणि ती उलटल्यावर सर्व्हर एकाला नव्हे, तर सर्वांनाच नाकारतो. सर्वांची प्रमाणपत्रे वैध असताना एके दिवशी संपूर्ण कार्यालयाची व्हीपीएन बंद पडली, तर पहिला संशय या यादीवर घ्यावा.

प्रश्न : आमच्या कार्यालयात आठ-दहा जण आहेत. सर्वांना एकच प्रमाणपत्र देणे सोयीचे नाही का?

सोयीचे वाटते, पण एकाने नोकरी सोडली की सर्वांचे प्रमाणपत्र बदलावे लागते. आणि तो त्रास नको म्हणून ते बदललेच जात नाही. शिवाय नोंदींमध्ये कोण केव्हा आत आले, हे कळत नाही. प्रत्येक व्यक्तीला, किंबहुना प्रत्येक उपकरणाला, स्वतंत्र प्रमाणपत्र द्यावे. कोणाला कोणता अनुक्रमांक दिला आणि तो कधी संपतो, याची एक साधी एक्सेल यादी ठेवली तरी पुष्कळ काम होते.

ईझी-आरएसए ३ मध्ये मूळ सेटिंगनुसार अथॉरिटीचे प्रमाणपत्र ३६५० दिवसांचे आणि वापरकर्त्यांचे ८२५ दिवसांचे असते. दहा वर्षे दूर वाटतात, पण अथॉरिटी संपते त्या दिवशी खालची सर्व प्रमाणपत्रे निरुपयोगी होतात. तो दिवस यादीत सर्वांत वर लिहावा. अथॉरिटीची की व्हीपीएन सर्व्हरवर ठेवू नये. वेगळ्या, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर किंवा कुलपात ठेवलेल्या कूटबद्ध पेनड्राइव्हवर ती असावी.

सर्व्हरसाठी सार्वजनिक अथॉरिटीचे प्रमाणपत्र वापरत असाल तर नूतनीकरण स्वयंचलित करण्यास आताच लागावे. १ सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस असलेली कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ च्या त्याच तारखेपासून ४७ दिवस अशी ठरली आहे. आपल्या अंतर्गत अथॉरिटीला हे बंधन नाही.

प्रश्न : लॅपटॉप दुरुस्तीला देताना, विकताना किंवा नोकरी सोडताना काय करावे?

जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्तीला देताना दुकानदार बहुधा लॉगइनचा पासवर्ड मागतो, आणि तो दिला की आपल्या भांडारातील की वापरण्याची वाट उघडी होते. वेगळे तात्पुरते खाते करून द्यावे, आणि डिस्कच काढून द्यावी लागणार असेल तर कार्यालयाला आधी कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे. विकताना व्हीपीएन क्लायंट अनइन्स्टॉल करणे पुरेसे नसते, कारण विंडोजच्या आणि मॅकच्या भांडारातील प्रमाणपत्रे त्यानंतरही तशीच राहतात. संपूर्ण डिस्क पुसूनच यंत्र द्यावे.

नोकरी सोडताना प्रथम कार्यालयाकडून प्रमाणपत्र रद्द झाल्याचे लेखी घ्यावे आणि नंतर आपल्या घरच्या संगणकातून ते काढावे. त्याच्यासोबत बसवलेले रूट प्रमाणपत्र काढायला बहुतेक जण विसरतात. ते विंडोजमध्ये ‘ट्रस्टेड रूट’ कप्प्यातून, मॅकवर कीचेनमधून, अँड्रॉइडवर वापरकर्त्याने बसवलेल्या प्रमाणपत्रांच्या यादीतून आणि आयफोनवर ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’मधील प्रोफाइल काढून घालवता येते. ओपनव्हीपीएन कनेक्टमध्ये बसवलेली प्रमाणपत्रे मात्र त्या अ‍ॅपच्या आतील यादीतूनच वेगळी काढावी लागतात.